एकदा सिझर, मग कायम सिझर? हा नियम आला कुठून



मागच्या चातुर्मासातली गोष्ट. माझी भाची सातवा महिना लागल्यावर माहेरी आली. तिसरं बाळंतपण. आधीची दोन्ही मुलं सिझरने झालेली. पहिल्या वेळी बाळ पायाळू होतं म्हणून, दुसऱ्या वेळी पहिलं सिझर झालेलं होतं म्हणून. या वेळी तिची इच्छा होती, निदान कळा येऊ द्याव्यात, जमलं तर नॉर्मल व्हावं. पदरात दोन लहान मुलं. पुन्हा पोटाला टाके घेऊन पडून राहायचं, पाण्याची बादली उचलायची नाही, धाकट्याला कडेवर घ्यायचं नाही, हे तिला नको होतं.

तालुक्याच्या गावी जिथे नाव घातलं होतं, तिथे तिने हे विचारलं. मी शेजारीच बसले होते. डॉक्टरांनी फाइलमधून मान वर न करताच सांगितलं, "दोन सिझरनंतर आमच्याकडे नॉर्मल करत नाहीत. नियमच आहे तसा." दोन मिनिटांत आम्ही बाहेर.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "मावशी, नियम आहे हे कळलं. पण तो केला कुणी आणि कशासाठी, हे कुणी सांगेल का?"

मला उत्तर देता आलं नाही. माझी स्वतःची दोन्ही बाळंतपणं सिझरने झाली. दुसऱ्या वेळी मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. तारीख ठरली, बॅग भरली, गेले. मग मी शोधायला बसले. माझी एक मैत्रीण स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तिने शेजारी बसून अवघड भाग समजावून दिला. जे कळलं ते आज तुम्हाला सांगते, कारण आपल्या प्रत्येकीच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

न्यूयॉर्कमधलं एक भाषण

या नियमाचा माग काढत गेलं की आपण १९१६ साली न्यूयॉर्कला पोचतो. एडविन क्रॅगिन हे तिथले मोठे प्रसूतितज्ज्ञ. डॉक्टरांच्या सभेत त्यांनी एक निबंध वाचला. विषय होता, बाळंतपणात डॉक्टरांनी पाळायचा संयम. एकदा सिझर झालं की पुढे कायम सिझरच, हे प्रसिद्ध वाक्य त्या निबंधातलं.

ते समजून घ्यायचं तर त्या काळचं सिझर कसं होतं ते बघायला हवं. १८७६ साली इटलीत पाविया इथे एदुआर्दो पोरो यांनी बाळ काढल्यावर आईची गर्भपिशवीही काढून टाकली आणि आई वाचली, याचंच तेव्हा केवढं अप्रूप. त्याआधी पिशवीला टाके घालायची रीतच नव्हती. पोट शिवायचं, आत पिशवी तशीच उघडी ठेवायची. रक्तस्राव आणि पू होऊन बहुतेक बायका जात. १८८२ साली जर्मनीत माक्स झेंगर यांनी पिशवी थराथरांनी नीट शिवायची पद्धत मांडली. तेव्हापासून बायका पिशवीसकट वाचू लागल्या. म्हणजे सिझरनंतरच्या पुढच्या बाळंतपणाचं काय, हा प्रश्नच मुळी तेव्हा जन्माला आला.

पण छेद उभा असायचा आणि तोही पिशवीच्या वरच्या जाड भागात. कळांच्या वेळी जोर करतो तो हाच भाग. तिथली शिवण पुढच्या वेळी उसवण्याचा धोका खरा होता. पेनिसिलिन नव्हतं, रक्तपेढी नव्हती. शिवण उसवली तर आई आणि बाळ दोघंही हातची जाणार. क्रॅगिन यांची भीती अगदी बरोबर होती.

मात्र ते सांगत होते पहिल्या सिझरबद्दल. तरुण डॉक्टरांना त्यांचा इशारा होता की पहिला छेद घेण्याची घाई करू नका, कारण त्या बाईचं पुढचं प्रत्येक बाळंतपण त्याने बांधलं जातं. नियमाला अपवाद असतात हेही त्यांनी तिथेच सांगितलं होतं. त्यांच्याच एका रुग्णाला सिझरनंतर तीन मुलं नॉर्मल झाली होती.

पुढे काय झालं? इशारा गळून पडला, अपवाद गळून पडले, उरलं ते एक वाक्य. पाठशाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की कुठलंही विधान कोणत्या अपेक्षेने केलं आहे ते सोडून दिलं की ते एकान्त होतं. या वाक्याचं नेमकं तेच झालं.

छेद खाली आला, वाक्य तिथेच राहिलं

१८८१ सालीच फेर्डिनांड केरर या जर्मन डॉक्टरांनी पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद घेऊन पाहिला होता, पण तो फारसा कुणी उचलला नाही. १९२० नंतर ग्लासगोच्या मन्रो केर यांनी त्याचा चिकाटीने पुरस्कार केला. ग्लासगो म्हणजे कारखान्यांच्या धुराचं, दाट वस्तीचं शहर. उन्हाअभावी लहानपणी मुडदूस झालेल्या आणि कमरेची हाडं वाकडी राहिलेल्या बायका तिथे पुष्कळ, त्यामुळे सिझरही पुष्कळ.

खालचा भाग पातळ असतो. तिथे रक्त कमी जातं, शिवण चांगली भरते आणि कळांच्या वेळी त्या जागेवर वरच्या भागाइतका ताण येत नाही. हळूहळू जगभर हाच छेद रूढ झाला. तुमचं-माझं सिझर बहुधा असंच झालेलं असणार.

म्हणजे क्रॅगिन ज्या शिवणीला भीत होते, ती शिवणच बदलली. ब्रिटनमध्ये आधी सिझर झालेल्या बायकांना कळा येऊ देण्याची पद्धत गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत रुळली. अमेरिकेत मात्र नियम जसाच्या तसा राहिला. १९७० साली तिथे शंभरात साधारण साडेपाच बाळंतपणं सिझरने होत होती. १९८० पर्यंत हा आकडा साडेसोळावर गेला. त्यातला मोठा वाटा पुन्हा पुन्हा होणाऱ्या सिझरचा होता. त्या वर्षी, आधी सिझर झालेल्या शंभर बायकांपैकी नॉर्मल बाळंतपण झालं ते फक्त तिघी-चौघींचं.

बायका विचारू लागल्या

पहिला जोराचा प्रश्न आला तो बायकांकडून. नॅन्सी वेनर कोहेन या अमेरिकन बाईंचं पहिलं बाळंतपण सिझरने झालेलं. पुढचं त्यांनी नॉर्मल करून घेतलं आणि मग इतर बायकांना मदत करू लागल्या. सिझरनंतरच्या नॉर्मल बाळंतपणाला आज डॉक्टर ‘व्हीबॅक’ म्हणतात, तो शब्द त्यांनीच रूढ केला. १९८३ साली त्यांनी लॉइस एस्टनर यांच्याबरोबर ‘सायलेंट नाइफ’ हे पुस्तक लिहिलं. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, एस्थर झॉर्न यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज इथे अनावश्यक सिझर टाळण्यासाठी बायकांची संघटना उभी केली.

डॉक्टरांच्या बाजूनेही हालचाल झाली. १९८० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली. योग्य निवड केली तर सिझरनंतर नॉर्मल बाळंतपण सुरक्षित ठरू शकतं, असं तिने सांगितलं. १९८८ मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने सरसकट दुसरं सिझर करण्याची पद्धत सोडा, असा सल्ला दिला. १९९६ पर्यंत आधी सिझर झालेल्या शंभरातल्या अठ्ठावीस बायकांचं बाळंतपण नॉर्मल होऊ लागलं.

आणि मग दुसऱ्या टोकाची चूक झाली. नॉर्मल बाळंतपण स्वस्त पडतं हे विमा कंपन्यांच्या लक्षात आलं. काही ठिकाणी बाईची इच्छा असो वा नसो, कळा घेऊनच बघा, असा आग्रह सुरू झाला. शिवण असलेल्या पिशवीवर कळा आणणारी जोरकस औषधं वापरली गेली. काही जणींची शिवण उसवली, काही बाळं गेली, खटले उभे राहिले.

औषधाने किती फरक पडतो ते २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टन राज्यातल्या अभ्यासात दिसलं. वीस हजारांहून जास्त बायकांची ती नोंद होती. कळा आपोआप आल्या तेव्हा हजारात पाच जणींची शिवण उसवली. प्रोस्टाग्लँडिन जातीच्या औषधांनी कळा आणल्या तेव्हा हजारात चोवीस. कळा येऊ न देता थेट सिझर केलं तेव्हा हजारात एक-दोन. हे आकडे मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहेत.

एका शब्दाने दारं बंद झाली

या गोंधळात १९९८-९९ मध्ये अमेरिकी संघटनेने आपल्या सल्ल्यातला एक शब्द बदलला. आधी म्हटलं होतं की सिझर करू शकणारे डॉक्टर लवकर मिळण्यासारखे असावेत. आता म्हटलं, तत्क्षणी उपलब्ध असावेत. याला आधार मुख्यतः तज्ज्ञांच्या मताचा होता.

ऐकायला किरकोळ बदल. पण लहान दवाखान्यात भूल देणारे डॉक्टर रात्री घरी असतात आणि बोलावल्यावर येतात. तत्क्षणी म्हटल्यावर त्यांना रात्रभर बसवून ठेवावं लागणार आणि तेवढा खर्च झेपणारा नव्हता. शेकडो दवाखान्यांनी सोपा मार्ग घेतला. सिझर झालेल्या बाईचं नॉर्मल बाळंतपण इथे होणार नाही, असा नियमच केला. दहा वर्षांत नॉर्मल होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात अठ्ठावीसवरून दहाच्याही खाली आलं.

फ्लोरिडात तर १९९६ सालीच याहून कडेलोट झाला होता. एक बाई घरी कळा देत होती. दवाखान्याने न्यायालयाचा आदेश मिळवला, तिला घरातून आणवलं आणि सिझर केलं. तिचा आधीचा छेद उभा होता, त्यामुळे डॉक्टरांची भीती अनाठायी नव्हती. पुढे ती न्यायालयात गेली, तेव्हा १९९९ मध्ये निकालही दवाखान्याच्या बाजूने लागला. तरी पोलिसांच्या पहाऱ्यात सिझर, ही कल्पनाच अंगावर काटा आणते.

मुळातला प्रश्न बाईच्या पिशवीचा होता. तो आता रात्रपाळीचा झाला. पण बाईला कारण सांगताना तिच्याच शरीरावर बोट ठेवलं जात होतं. माझ्या भाचीला मिळालेलं उत्तर मला इथे सापडलं.

दोन्ही पारडी

२०१० च्या मार्चमध्ये अमेरिकेत पुन्हा परिषद भरली आणि तोवर जमलेले सगळे पुरावे तपासले गेले. कळा येऊ देणाऱ्या शंभरातल्या सुमारे चौऱ्याहत्तर जणींचं बाळंतपण नॉर्मल होतं, असं दिसलं. आईच्या मृत्यूचं प्रमाण कळा घेणाऱ्यांत लाखात चार, ठरवून पुन्हा सिझर करणाऱ्यांत लाखात तेरा. बाळाच्या बाबतीत उलटं. जन्माच्या सुमारास बाळ दगावण्याचं प्रमाण कळा घेणाऱ्यांत हजारात १.३, ठरवून केलेल्या सिझरमध्ये हजारात ०.५. दोन्ही वाटांना बहुतेक सगळ्या जणी सुखरूप घरी जातात. पण धोका कुठल्याच वाटेने शून्य नाही.

हे आकडे मुख्यतः एक सिझर झालेल्यांचे. दोन सिझर झालेल्यांबद्दल २०१० मध्येच ब्रिटनमधून सगळ्या अभ्यासांचा आढावा आला. त्यात शंभरात एकाहत्तर जणींचं नॉर्मल झालं आणि शिवण उसवण्याचं प्रमाण शंभरात सव्वा ते दीड होतं. एका सिझरपेक्षा धोका जास्त, हे उघड आहे.

दुसऱ्या पारड्यात एक गोष्ट असते आणि तिच्याबद्दल आपल्याला फार कमी सांगितलं जातं. प्रत्येक सिझरनंतर पुढच्या वेळी वार जुन्या शिवणीत रुतून बसण्याचा धोका वाढतो. अशी वार सुटत नाही, रक्त थांबत नाही, कित्येकदा पिशवी काढावी लागते. अमेरिकेतल्या तीस हजार बायकांच्या अभ्यासात पहिल्या सिझरच्या वेळी हे हजारात दोन-तीन जणींना झालं. चौथ्याच्या वेळी शंभरात दोघींना आणि सहाव्याच्या वेळी शंभरात जवळजवळ सात जणींना. म्हणून किती मुलं हवीत हा प्रश्नही याच चर्चेत आला पाहिजे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकी संघटनेने आपला सल्ला सुधारला. खाली आडवा छेद असलेल्या दोन सिझरनंतरही योग्य बाईला कळा घेऊन बघता येतील, असं सांगितलं. दवाखान्याचा नियम पुढे करून कुणावर तिच्या मनाविरुद्ध सिझर लादता येणार नाही, हेही स्पष्ट केलं.

आपल्याकडे

आपल्या देशात हीच कहाणी थोड्या उशिरा आणि वेगळ्या कारणांनी चालू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली शंभरात साडेआठ बाळंतपणं सिझरने झालेली होती. २०१९-२१ च्या पाहणीत साडेएकवीस. सरकारी दवाखान्यांत शंभरात चौदा, खासगीत सत्तेचाळीस. इतकी पहिली सिझर, म्हणजे पुढे इतक्या जणींपुढे दुसऱ्या वेळचा प्रश्न.

डॉक्टरांना सरसकट लोभी म्हणणं मला पटत नाही. तालुक्याच्या गावी दोन डॉक्टरांचा दवाखाना, भूलतज्ज्ञ तीन गावं फिरणारे, रक्त आणायचं तर जिल्ह्याला जायचं. अशा ठिकाणी रात्री दोन वाजता शिवण उसवली तर ते काय करतील? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, ती भीतीही मनात असतेच. त्यांनी नाही म्हणणं कदाचित आपल्या जिवाच्या हिताचंच असेल. फक्त ते असं सांगावं, की आमच्याकडे रात्री सोय नाही, तुम्ही जिथे आहे तिथे जा. नियम आहे म्हणून सांगितलं की बाईला वाटतं, आपलं शरीरच कामातून गेलं.

आपणही कमी नाही. सुट्टी बघून, नक्षत्र बघून तारीख आपणच मागतो. दुसऱ्या सिझरबरोबर मुलं बंद करण्याचं ऑपरेशन उरकून घ्या, हे घरातली मोठी माणसंच ठरवतात, तिला विचारायचं राहूनच जातं.

इथे २००८ मधला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका बाईला तपासणीसाठी भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिची गर्भपिशवी काढली गेली. न्यायालयाने सांगितलं की जीव धोक्यात नसताना शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीने तिची आईसुद्धा संमती देऊ शकत नाही. सासूबाई, नवरा, आई, आपण सगळ्यांनी हे वाचावं.

मग भाचीचं काय झालं

माझ्या डॉक्टर मैत्रिणीने आधी एकच विचारलं, "दोन्ही वेळचे छेद कुठले होते? कागद आहेत का?" दुसऱ्या सिझरचा कागद मिळाला. पहिलं जिथे झालं तो दवाखाना बंद पडलेला. शेवटी माझ्या बहिणीच्या लोखंडी कपाटात, मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेखाली तो कागद सापडला. दोन्ही छेद खाली, आडवे. वारही या वेळी जुन्या शिवणीपासून दूर होती.

तो कागद घेऊन आम्ही शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथे चोवीस तास भूलतज्ज्ञ, आवारातच रक्तपेढी. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास दिला. धोक्याचे आकडे स्वतः सांगितले. कळा आपोआप आल्या तर बघू, औषधाने आणणार नाही, बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवू आणि मी सिझर म्हटलं की वाद घालायचा नाही, अशा त्यांच्या अटी होत्या. भाचीने त्या मान्य केल्या. बाई तीच होती, पोट तेच होतं. एका ठिकाणी नियम होता, पन्नास किलोमीटरवर चर्चा होती.

कळा आल्या. सात तास तिने काढले. मग बाळाचे ठोके उतरू लागले आणि काही मिनिटांत ती ऑपरेशनच्या टेबलावर होती. तिसरं सिझर. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी जरा हळहळले, पण ती नाही. म्हणाली, "मावशी, या वेळी का झालं ते मला माहीत आहे."

घरी बाळंतपण करण्याचं धाडस यातून कुणी शिकू नये. त्या काही मिनिटांसाठीच मोठं रुग्णालय हवं असतं. तुमचा छेद उभा असेल, वार शिवणीवर असेल, आधी कधी शिवण उसवली असेल, तर सिझरच बरं. बाकीच्यांनी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. माझा आधीचा छेद कुठला आहे? तुम्ही नाही म्हणता ते माझ्या तब्येतीमुळे की इथल्या सोयीमुळे? आणि सोयीमुळे असेल तर ती जवळात जवळ कुठे आहे?

भाचीचे तीनही कागद आता एका पिशवीत घालून तिच्या सासूबाईंनी देवघराच्या कपाटात ठेवले आहेत. तुमचे कुठे आहेत? आज दुपारी कामं आवरली की तेवढं बघून ठेवा. सुनेचे आणि लेकीचेही.